हौसाआत्याचा पावटा

शेडमध्ये सतरा नग होते. भाताच्या बियाण्याच्या नऊ गोणी, भाजीपाल्याच्या बियांचे तीन पत्र्याचे डबे, हिरव्या जाळीच्या दोन गुंडाळ्या, खोक्यातला एक पाण्याचा पंप, कुणाच्या तरी लग्नासाठी घेतलेला एक मोठा कुकर आणि पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं एक पार्सल. पहिल्या पंधरा नगांवर आमच्या केंद्राचा शिक्का होता. कुकर रणजित नेणार होता. पार्सल केंद्राच्या पत्त्यावर आलं होतं, पण केंद्राचं नव्हतं.

"सतरा," मी म्हणाले.

"अठरा," रणजित फडतरे म्हणाला. "मला पण मोजा. जहाजावर मी पण गोणीवरच झोपतो, म्हणजे मी पण नगच हाय."

हे २००७ सालच्या ऑक्टोबरमधलं. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन पोर्ट ब्लेअरमधल्या एका बियाणे केंद्रात वर्षभराच्या करारावर लागले होते. त्सुनामीत खारावलेल्या जमिनीवर कोणतं बी तग धरतं ते पाहायचं, हे काम. आम्ही बी बांधून दक्षिणेकडच्या बेटांवर पाठवायचो आणि तिकडून येणारे आकडे मांडायचो. सगळ्यात लांबचं बेट ग्रेट निकोबार. चाळीसेक वर्षांपूर्वी तिथे माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवलं होतं, आणि त्यात काही घरं मराठी होती. रणजितचे वडील हवालदार रामचंद्र फडतरे त्यांच्यापैकी एक. रणजित तिथेच जन्मला, तिथेच वाढला. त्याचं मराठी साताऱ्याकडचं होतं, पण बेटावरच्या हिंदीत मुरलेलं. गावात कुणाला काही हवं असलं की तोच पोर्ट ब्लेअरला येऊन जहाजावर चढवून न्यायचा. औषधं, टायर, लग्नाचे कुकर, आमच्या गोणी, सगळं. आमच्या केंद्राला दुसरा माणूसच माहीत नव्हता.

केंद्रातून जाणाऱ्या प्रत्येक नगावर आत काय आहे ते लिहावं लागे. मी पार्सल उचलून पाहिलं.

"यात काय आहे?"

"पावटा. आत्यानं धाडलाय, गावाकडनं. आमच्या टिनच्या शेडवर टपाल कधी येतं, कधी न्हाय. बाबा म्हणले, त्या केंद्रातल्या मराठी मॅडमच्या पत्त्यावर मागव."

"खायचा का पेरायचा?"

"पेरायचा."

"मग शंभर दाणे काढून घ्यावे लागतील. पेरायचं बी तपासल्याशिवाय आम्ही पाठवत नाही."

"हजार घ्या. जहाज तरी कुठं चाललंय?"

खरंच चाललं नव्हतं. समुद्र खवळलेला होता आणि जहाज दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. रणजित रोज सकाळी जेटीवर चौकशी करून आमच्याकडे यायचा, शेडमध्ये गोणीवर बसायचा आणि चहा झाला की परत जायचा.

त्याने ब्लेडने पार्सलची एक शिवण उसवली. आत प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत पावटा होता, अंदाजे दोन किलो. एक चटणीचा डबा होता. आणि हिरव्या खणाचं, लाल काठाचं एक गाठोडं होतं. आतल्या नारळाचा आकार खणातून दिसत होता.

"नारळ!" रणजित म्हणाला. "बघा. निकोबारला नारळ पाठवते आमची आत्या. आमच्याकडं नारळाशिवाय दुसरं हाय काय?"

"ओटी आहे ना ती?"

"आईची. दर पार्सलात असते. नणंद-भावजय भेटल्या न्हाईत बारा-तेरा वर्षं, म्हणून ओटी टपालानं. लोक टपालानं राखी पाठवतात, आमची आत्या नारळ. ते राहू दे आत. हात नका लावू."

मी लावला नाही. पिशवीतून दाणे घेऊन टेबलावर पांढऱ्या कागदावर दहा-दहाच्या ओळी मांडायला लागले. दाणे चांगले होते, टपोरे, तांबूस, कडेला पांढरी रेघ. एकही किडका नव्हता.

"नीट मोजा," रणजित म्हणाला. "या पावट्यावर माझं पुणं अवलंबून हाय."

"म्हणजे?"

मग त्याने सांगितलं. वडील बेटावर आले तेव्हा लष्करी ट्रंकेतून हाच पावटा घेऊन आले होते. तीस वर्षं त्यांनी तो बांधावर लावला. लाटेत कोठी गेली, तिच्याबरोबर बी गेलं. त्सुनामी हा शब्द तो वापरत नसे, नुसतं लाट म्हणे. सखल भागातली जमीन समुद्राने घेतली, वरची राहिली पण खारट झाली. तेव्हापासून सगळं घर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं.

"आता तीन पावसाळे झाले. बाबा म्हणतात, मीठ धुऊन गेलं. मी म्हणतो, गेलं असंल तर गेलं, मी चाललो पुण्याला. मेहुण्यानं कंपनीत ड्रायव्हरचं काम बघून ठेवलंय. दोन खोल्या पण बघितल्यात. रोज भांडण. शेवटी बाबा म्हणले, घरचा पावटा लावू. निम्मा उगवला तर इथंच राहायचं, परत पुण्याचं नाव काढायचं न्हाय. निम्म्याहून कमी उगवला तर मी बॅग भरतो, तू म्हणशील तिथं येतो."

"आणि तुम्ही कबूल झालात?"

"झालो. हवालदार माणूस हाय. बोलले म्हणजे बोलले. उगवला न्हाय तर एक शब्द न काढता बोटीत बसतील."

"तुमच्या रानातली माती मी तपासली आहे," मी म्हणाले. "मागच्या फेरीत तुम्हीच आणली होती. मीठ बरंच उतरलंय. पावटा यायला हरकत नाही."

"हे बाबांना नका सांगू."

"का?"

"सांगून उपयोग न्हाय. त्यांचा आकड्यावर विश्वास न्हाय, रोपावर हाय."

"पावट्याचं बी आमच्याकडेही आहे. तेही देते. दोन्ही शेजारी लावा."

तो हसला. "सरकारी बी उगवलं न्हाय तर म्हणतील बी खराब. उगवलं तर म्हणतील काहीतरी औषध चोळलेलं हाय. घरचं उगवलं तरच उगवलं. तुम्ही शंभर घेतले ना? बास."

मी शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवले.

पावट्याला चौथ्या दिवशी मूळ दिसायला हवं. मी गुंडाळी उघडली. दाणे फुगले होते, दुप्पट झाले होते, पण एकालाही मूळ नव्हतं. कागद परत गुंडाळला. आणखी दोन दिवसांनी उघडला तेव्हा बऱ्याच दाण्यांवर करडी बुरशी होती, आणि दाबले की ते बोटाखाली पिठासारखे फुटत होते. पिशवीतला एक कोरडा दाणा कापून भिंगाखाली धरला. आतला कोंब पिवळट पांढरा हवा होता. तो तपकिरी होता.

बी जिवंत आहे की मेलेलं हे लवकर कळण्यासाठी एक रसायन असतं. जिवंत कोंब त्यात लाल होतो. पिशवीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भागातून मी वीस दाणे घेतले, भिजवले, कापले आणि त्या रसायनात ठेवले. दुपारपर्यंत एकही लाल झाला नाही.

रणजित आला तेव्हा मी बशी त्याच्यासमोर ठेवली.

"हे बी उगवणार नाही."

"किती न्हाय?"

"एकही नाही. कशाने तरी तापलंय. जहाजाच्या तळाशी नाही, ते एवढं तापत नाही. शेकलंय कुणीतरी."

त्याने एक अर्धा दाणा चिमटीत धरला, उलटा करून पाहिला आणि बशीत परत ठेवला. मग म्हणाला, "मग सोपं झालं."

"काय सोपं झालं?"

"सगळं. आहे तसं शिवून टाका. मी नेतो, बाबा लावतील, उगवणार न्हाय. जानेवारीत आम्ही पुण्यात."

"पण ते म्हणतील माती मेली. माती चांगली आहे, बी मेलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"तुमच्यासाठी."

"त्यांच्यासाठी नाहीत?"

"मॅडम, तुम्ही कुठल्या?"

"कोल्हापूरची."

"तिथनं समुद्र केवढा लांब हाय?"

उत्तरासाठी तो थांबला नाही.

"माझी पोरगी सहा वर्षांची हाय," तो म्हणाला. "लाट आली तेव्हा तीनची होती. तिला खांद्यावर घेऊन मी झाडावर होतो. किती वेळ होतो मला पण ठाऊक न्हाय. ती अजून डोक्यावरनं पाणी घेत न्हाय. बायको ओल्या फडक्यानं तिचे केस पुसते. पत्र्यावर पाऊस वाजला की ती खाटेखाली जाते, आणि तिकडं आठ महिने पाऊस असतो. बाबांना वाटतं मी नोकरीसाठी चाललोय. वाटू दे. पोरगीचं नाव घेतलं तर ते म्हणतील, सैनिकाची नात हाय, होईल सवय."

"ते तुम्ही त्यांना सांगायला हवं."

"तुम्ही सांगायला हवं, तुम्ही सांगायला हवं. तुमचं मार्चमध्ये संपतं ना इथलं? मग जाल तुम्ही. तुम्हाला जायला कुणी पावटा लावायला लावला होता का?"

तो चहा न घेताच गेला.

संध्याकाळी केंद्राच्या फोनवरून मी पार्सलवरचा नंबर लावला. तो आत्याच्या गावातल्या किराणा दुकानाचा होता. दुकानदाराने थोड्या वेळाने परत करा म्हणून सांगितलं. परत केला तेव्हा पलीकडे बाईचा मोठा, खणखणीत आवाज आला.

"कोन बोलतंय? रणजित हाय का?"

"मी अंदमानहून बोलतेय, बियाणे केंद्रातून. तुमचं पार्सल आमच्याकडे आलंय."

"फुटलं का काय?"

"नाही, नीट आलंय. पावटा छान आहे. मला फक्त विचारायचं होतं, पाठवण्याआधी तुम्ही त्याला काय केलं होतं?"

"काय करनार? ऊन दावलं चार दिस. मग तव्यावर शेकला, पसापसा घेऊन. दोन दिस त्यातच गेलं माझं. एक तरी किडा घावला का त्यात?"

"नाही. एकही नाही."

"घावनारच न्हाय!" आवाजात समाधान होतं. "मागच्या टायमाला मेलं टपाल महिनाभर पडून राह्यलं आन् निम्म्याचं पीठ झालं. ह्या टायमाला म्हनलं, भावाच्या तोंडात किडकं जायला नको. पत्र्याच्या खोलीत राहत्यात, काय खात्यात काय न्हाय."

"आत्या," मी म्हणाले. तिला काय म्हणायचं हे मी ठरवलं नव्हतं, रणजितचा शब्दच तोंडात आला. "त्यांनी तो खायला मागवला नव्हता. पेरायला मागवला होता."

"पेरायला?"

"हो."

"त्या खाऱ्या जमिनीत?"

"हो."

"आन् सांगायचं न्हाय का मेल्यानं! पावटा धाड म्हनला, मी धाडला. सहासष्ट वरसाचा म्हातारा पेरनाराय हे मला सपनात दिसतंय व्हय?" मग आवाज खाली आला. "आता उगवंल का गं त्यातला थोडा तरी?"

"नाही, आत्या."

"म्या घरातला सगळाच धाडला. बांधावर एक वळ हुती, तीबी औंदा पोरानं काढली. सगळा ऊस लावला. गावात इचारते, पर आता पावटा कोन लावतंय?"

दुकानात कुणीतरी साबण मागत होतं ते ऐकू आलं.

"अगं थांब," ती एकदम ओरडली. "वहिनीची ओटी! ओटी हाय का तितं?"

"आहे. हिरवा खण."

"तिच्यात पावटं हायेत. गहू आमच्यात पिकत न्हाईत, म्हनून मी ओटीत पावटंच घालते, पयल्यापासनं. त्येला विस्तव न्हाय दावला."

"नक्की? सगळा पावटा एकदमच शेकला असेल, मग त्यातलेच..."

"आगं बाई, कुठल्या गावची तू? ओटीचं कुनी भाजतं व्हय? आधी ओटीचं बाजूला काढलं, मग तवा ठेवला. वहिनीला म्हनावं, ओटी पेर. माझं काय म्हननं न्हाय. आन् रामूला म्हनावं..." इथे ती थांबली. "ऱ्हाऊ दे. काय म्हनू नको."

"किती दाणे असतील ओटीत?"

"ओटीचं मोजून घालत्यात का? एक ओंजळ."

फोन ठेवल्यावर मी शेडमध्ये गेले. उसवलेल्या शिवणीतून गाठोडं दिसत होतं. गाठ सोडून दाणे मोजायला, त्यातले दोन कापून त्या रसायनात टाकायला फार वेळ लागला नसता. मी पार्सल परत शिवलं. त्या शेडमधली तेवढी एक गोष्ट मी मोजलेली नव्हती.

दोन दिवसांनी जहाज निघालं. हॅडो जेटीवर सकाळपासून गर्दी होती. माणसं, कोंबड्या, गाद्या, सिमेंट. क्रेनची जाळी जमिनीवर पसरलेली होती आणि रणजित एकेक नग तिच्यात रचत होता. माझ्याकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही. मी यादीवर खुणा करत होते. शेवटी पार्सल उरलं. ते त्याने कुकरच्या खोक्यावर ठेवलं.

"आत्यांना फोन केला होता," मी म्हणाले.

"केलात ना शेवटी. मला वाटलंच."

"त्यांनी खायला म्हणून शेकला होता. पण ओटीत पावटे आहेत, ते शेकलेले नाहीत. त्यांनी स्वतः सांगितलंय. आईला म्हणावं, ओटी पेर."

तो जाळीच्या कडेवर उकिडवा बसला होता, तसाच राहिला.

"किती हाईत?"

"माहीत नाही."

"तुम्हाला? मोजले न्हाईत?"

"ओटी तुमच्या आईची आहे."

"मला हे सांगायची काय गरज होती?"

"मला माहीत आहे ते तुम्हालाही माहीत असावं. एवढंच."

"आणि मी बाबांना न्हाय सांगितलं तर? आईनं ओटीतला नारळ फोडला, पावट्याची आमटी केली, संपलं."

"तर संपलं."

"तुम्ही दुसऱ्या कुणाकडनं निरोप धाडाल."

"तिकडे जाणारा माणूस मला तुम्ही एकच माहीत आहात."

क्रेनवरून कुणीतरी हाक मारली. "ओ फडतरे! जाळी उठानी है कि यहीं शादी करनी है?"

"रुक ना, चाचा! दो मिनट!"

त्याने पार्सल ओढून घेतलं, मी घातलेली शिवण दातांनी तोडली आणि खणाचं गाठोडं बाहेर काढलं. पार्सल परत जाळीत टाकलं. मग हात वर केला. जाळी उचलली गेली, गोणी एकमेकींवर दाबल्या गेल्या, आणि सगळं जहाजाच्या पोटात उतरलं.

"आता किती झाले?" त्याने विचारलं.

"सतरा. तुम्ही अठरा."

"आणि हे एकोणीस," तो म्हणाला. गाठोडं त्याने पोटाशी धरलं होतं. तो वळला आणि शिडीच्या गर्दीत शिरला. बऱ्याच वेळाने वरच्या कठड्यापाशी दिसला. जहाज जेटीपासून सुटत होतं. त्याने मला हात केला, दोन्ही हातांनी. दोन्ही हात मोकळे होते.

पुढच्या फेरीला रणजित आला नाही, दुसराच माणूस आला. त्याला फडतऱ्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, आहेत बहुतेक, त्यांच्या शेडकडे माझं जाणं नसतं. भाताचे आकडे फेब्रुवारीत आले. नऊ गोण्यांतल्या दोन जातींनी चांगला तग धरला होता, तसा अहवाल मी लिहिला. पावटा आमच्या कामात नव्हता. मार्चअखेर माझा करार संपला आणि मी कोल्हापूरला परत आले.

नऊ वर्षं झाली. मी आता एका बीज परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. मागच्या डिसेंबरात माझ्या नावाने एक पार्सल आलं, मांजरपाटात शिवलेलं. पाठवणाऱ्याच्या जागी रणजित रामचंद्र फडतरे, कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबार, आणि खाली मोबाइल नंबर. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत पावटा होता. पिशवीभोवती एक हिरवा खण गुंडाळला होता. धुऊन धुऊन त्याचा लाल काठ गुलाबी झाला होता.

मी फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नात लागला.

"मॅडम! मिळालं?"

"मिळालं. माझा पत्ता कुठून मिळाला?"

"केंद्रातनं. अजून तुमची सही आणि घरचा पत्ता हाय त्यांच्याकडं कपाटावर." तो हसला. मग म्हणाला, "आत्या गेली श्रावणात. तिच्या लेकीचा फोन आला, दादा, आईचा पावटा तुमच्याकडं हाय म्हणं, थोडा धाड. गावात कुणाकडं दाणा न्हाय, सगळा ऊस. म्हटलं, पाठवायच्या आधी तुमच्याकडनं बघून घ्यावं. मी भाजलेला न्हाय. पण बायकांचा भरवसा न्हाय."

"ए!" पलीकडून बाईचा आवाज आला.

"रणजित, त्या ओटीत किती दाणे होते?"

"सत्तावीस."

"आणि उगवले?"

"तेरा."

मी मनात भागाकार केला. करण्याची गरज नव्हती.

"मग निम्मे नाही झाले."

"न्हाय झाले. बाबांनी तीनदा मोजले. मग ट्रंक काढली आणि कपडे भरायला बसले. एक शब्द बोलले न्हाईत. आईनं ओटीतला कुंकवाचा पुडा पण त्यांच्या ट्रंकेत टाकला."

"मग?"

"मग काय. पोरगी पाणी घालायची त्यांना. त्या तेरा रोपांना. कुणी सांगितलं नव्हतं. तांब्यात हात बुडवायची आणि ओंजळीनं एकेकाला घालायची, हात कोपरापर्यंत ओले. मी दोन-तीन दिवस बघितलं. मग बाबांना म्हटलं, शेंगा धरू दे, मग जाऊ."

"आणि शेंगा धरल्या?"

"धरल्या. मग म्हटलं, वाळू दे, बी धरू."

"बाबा कसे आहेत?"

"हाईत. ऐकायला येत न्हाय. आत्याला शिव्या देतात अजून, पावटा शेकला म्हणून. ती गेलीय ते सांगितलंय, पण शिव्या चालू हाईत. त्या शेकलेल्याची आईनं आमटी केली होती. चांगली झाली होती." मग त्याने विचारलं, "किती दिवसांत कळेल?"

"दहाव्या दिवशी."

"रिचार्ज करून ठेवतो."

खण मी घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. पिशवी भरून एक किलो आठशे ग्रॅम. वरून, मधून आणि तळातून दाणे घेतले, एकत्र केले, शंभर-शंभरचे चार भाग केले, ओल्या कागदात गुंडाळून पंचवीस अंशांवर ठेवले.

दहाव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या. चारशे दाणे. निरोगी रोपं तीनशे अडुसष्ट, वाकडी सहा, न भिजलेले कठीण दाणे एकोणीस, मेलेले सात. उगवण ब्याण्णव टक्के.